आकाशवाणीची पहाटेची धून ज्यांच्या नावावर आहे, ते कॉफमन युरोपातून जीव वाचवून मुंबईत आले होते

घरात रेडिओ असलेल्या पिढीला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पहाटेची वेळ. बाहेर अजून अंधार. बंबात पाणी तापतंय, स्टोव्हवर चहा चढलाय आणि रेडिओचं बटण फिरवलं की सुरुवातीला नुसती खरखर. मग तानपुरा सुरू व्हायचा आणि त्याच्यावर व्हायोलिनची ती धून. ती थोडा वेळ वाजायची, मग ‘वंदे मातरम्’ आणि मग दिवस सुरू. सुधा नरवणेंच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या लागल्या की शाळेला उशीर झाला, हे घड्याळ न बघता कळायचं.

ती धून आपल्यापैकी बहुतेकांना आजही गुणगुणता येईल. पण ती कोणी केली, असं विचारलं तर? एखादे पंडितजी असतील, आकाशवाणीतलेच कोणी वादक असतील, असा आपला अंदाज.

ज्यांच्या नावावर ही धून सांगितली जाते त्यांचं नाव वॉल्टर कॉफमन. जन्म आजच्या चेक प्रजासत्ताकातला, शिक्षण बर्लिन आणि प्रागमधलं, धर्मानं ज्यू. मुंबईत आले तेव्हा वय सव्वीस. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे भारतीय संगीत पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

मग या माणसानं आपल्या पहाटेला सूर कसा दिला? तेच सविस्तर बघू.

डॉक्टरेट हातात येणार होती, ती सोडून दिली

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबाड या गावातला. या गावाला आज कार्लोवी व्हारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घरी जर्मन बोलली जायची.

संगीत शिकायला ते बर्लिनला गेले. तिथे त्यांना दोन मोठे गुरू भेटले. एक फ्रान्झ श्रेकर, त्या काळातले नावाजलेले ऑपेरा संगीतकार. दुसरे कुर्ट झाक्स. जगभरातल्या वाद्यांचं वर्गीकरण करायची जी पद्धत संगीताचे अभ्यासक आजही वापरतात, ती झाक्स यांनी एरिक फॉन हॉर्नबोस्टेल यांच्यासोबत १९१४ साली मांडली होती. युरोपाबाहेरच्या संगीताचाही गंभीरपणे अभ्यास करायचा असतो, ही दृष्टी झाक्स यांच्यासारख्या माणसाच्या वर्गात मिळत होती.

पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात कॉफमन यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. विषय होता गुस्ताव माहलर यांच्या सिंफनी. प्रबंध पूर्ण झाला, फक्त पदवी घ्यायची बाकी होती. तेवढ्यात त्यांना कळलं की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत.

कॉफमन यांनी पदवी घ्यायला नकार दिला. वर्षानुवर्षांचं काम बाजूला ठेवलं आणि मोकळे झाले.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि ज्यू कलाकारांना नाटकगृहांतून, वाद्यवृंदांतून, विद्यापीठांतून बाहेर काढायला सुरुवात झाली. श्रेकर यांची पदं गेली, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मार्च १९३४ मध्ये ते वारले. झाक्स यांनाही नोकरीवरून काढलं, ते आधी पॅरिसला आणि नंतर अमेरिकेला गेले. बर्लिनच्या ऑपेरात वाद्यवृंद चालवण्याची उमेदवारी केलेल्या तरुण ज्यू संगीतकाराला तिथे भवितव्य उरलं नव्हतं.

भारतच का? कारण व्हिसा मिळाला

आता तुम्ही म्हणाल, मग लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क सोडून मुंबई का? भारताच्या अध्यात्माची ओढ वगैरे होती का?

कॉफमन यांनी स्वतः दिलेलं कारण एकदम साधं होतं. भारताचा व्हिसा सहज मिळत होता. जीव वाचवायला निघालेला माणूस नकाशावरचं सगळ्यात सुंदर शहर शोधत बसत नाही, जिथलं दार उघडं असेल तिथे जातो.

मुंबईत ओळखीचा एक माणूसही होता. मोहन भवनानी हे चित्रपट निर्माते जर्मनीत सिनेमाचं तंत्र शिकून आले होते. मुन्शी प्रेमचंद १९३४ साली ज्या अजिंठा सिनेटोन कंपनीसाठी लिहायला मुंबईत आले, ती याच भवनानींची. कॉफमन यांनी पुढे भवनानींच्या सिनेमांसाठी संगीताचं काम केलं.

१९३४ च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले. विचार होता थोडे दिवस राहायचा. राहिले बारा वर्षं.

त्यांचं घर होतं वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाऊस या दुमजली बंगल्यात, महालक्ष्मी मंदिराच्या परिसरात.

‘चूक माझ्या कानाची आहे’

भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते आपल्याला पूर्ण परकं आणि अनाकलनीय वाटलं, हे कॉफमन यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. त्या काळातल्या अनेक युरोपियन लोकांचं मत तसंच होतं. फरक एवढाच की बाकीचे तिथे थांबायचे आणि ‘यांना संगीत कळत नाही’ असं म्हणून मोकळे व्हायचे.

कॉफमन यांनी वेगळा हिशोब मांडला. हे संगीत करणाऱ्या लोकांना मन आहे, बुद्धी आहे. लाखो-करोडो लोक ते आवडीनं ऐकतात. म्हणजे संगीतात खोट नाही, खोट आपल्यात आहे. आणि ती घालवायची तर जिथे हे संगीत जन्मलं तिथेच जाऊन शिकायला पाहिजे.

पियानोवर वाढलेल्या माणसाला राग कळायला अवघड का जातो, हे समजून घ्यायला एक सोपं उदाहरण घेऊ. भूप आणि देशकार. दोन्ही रागांत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पाश्चात्त्य पद्धतीनं कागदावर स्वर मांडले तर दोन्ही एकच दिसतील. पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे दोन वेगळे राग आहेत. भूपात गंधारावर मुक्काम असतो, देशकारात धैवतावर. एक रात्रीचा, एक सकाळचा. स्वर कोणते आहेत यापेक्षा त्यांच्यातून वाट कशी काढली जाते, यावर राग ठरतो.

त्यात पुन्हा मींड. गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि मधली सगळी जागा वापरतो. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं. ज्याचे कान या पट्ट्यांवर तयार झालेत, त्याला या मधल्या जागा आधी ‘बेसूर’ वाटतात. त्या ऐकू यायला वर्षं जातात. कॉफमन यांनी ती वर्षं दिली.

दर गुरुवारी मैफल

पण पोटापाण्याचं काय? आणि स्वतःच्या संगीताचं?

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार वादकांनी छोट्या दालनात, मोजक्या श्रोत्यांसमोर करायचं वादन. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखंच. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. पियानोवर कॉफमन, चेलोवर एदिजियो वेर्गा हे इटालियन वादक आणि व्हायोलिनवर मेहली मेहता नावाचे पारशी तरुण.

हे मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. झुबिन यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे अगदी याच दिवसांतला.

मे १९३७ पर्यंत या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. जेमतेम तीन वर्षांत एवढे. तेही अशा शहरात, जिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा श्रोता म्हणजे काही युरोपियन, काही पारशी आणि काही गोवेकर कुटुंबं.

त्या काळात मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता. चर्च आणि पॅरिशच्या शाळांमधून त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं. पारशी, गोवेकर आणि युरोपातून आलेले निर्वासित अशी मंडळी एकाच रांगेत बसून वाजवायची. यातलेच अनेक गोवेकर वादक पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये गेले.

रेडिओत साहेब झाले

८ जून १९३६ रोजी सरकारी रेडिओला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. मुंबईचं केंद्र त्याच्या आधीपासून म्हणजे १९२७ पासून सुरू होतं. कॉफमन १९३७ साली मुंबई केंद्रावर युरोपियन संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले.

तेव्हाचं रेडिओचं काम आजच्यासारखं नव्हतं. टेपवर रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच संगीत मावायचं. त्यामुळे कार्यक्रम म्हणजे वादकांनी स्टुडिओत येऊन थेट वाजवायचं. चूक झाली तर ती सगळ्या शहरानं ऐकली. वादक गोळा करणं, रचना निवडणं, त्या हातात असलेल्या वाद्यांना साजेशा करून लिहिणं, तालीम घेणं आणि वेळ झाली की समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणं, हे सगळं विभागप्रमुखाच्याच अंगावर.

याच काळात त्यांनी ‘अनसूया’ नावाचा रेडिओसाठीचा ऑपेरा लिहिला. १९३८ साली तो मुंबईहून प्रसारित झाला. आपल्या पुराणातलं नाव आणि युरोपातला ऑपेरा, असा हा संसार होता.

रेडिओत त्या काळी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचं नातं तसं नाजूकच होतं. दिल्लीला कॉफमन यांच्यासारख्याच पदावर जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते. १९३८ साली त्यांनी रेडिओच्या मासिकात हार्मोनियमच्या विरोधात लेख लिहिला. म्हणणं असं की ठरलेल्या पट्ट्यांचं हे वाद्य भारतीय गाण्यातल्या बारीक जागा मारून टाकतं. फोल्ड्स १९३९ साली कॉलऱ्यानं वारले, पण १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातलीच. ती पूर्णपणे सैल व्हायला तीन दशकं गेली. युरोपातून आलेला एक माणूस आपलं संगीत युरोपच्याच वाद्यापासून वाचवायला निघाला होता, अशी ती गंमत.

मग ती धून नक्की कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. शिवरंजनी म्हणजे भूपाचेच पाच स्वर, फक्त गंधार कोमल. एवढ्या एका बदलानं प्रसन्न भूपाचा सूर हळवा होतो. ‘जाने कहाँ गए वो दिन’ आठवा, त्यातला भाव शिवरंजनीचाच.

१९३६ साली ही धून तयार झाली आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजवलं, असं सांगितलं जातं. रचनेचं श्रेय बहुतेक ठिकाणी कॉफमन यांनाच दिलं जातं. पण यावर वाद आहे. ठाकूर बलवंत सिंग यांचं नाव घेणारे लोक आहेत, काही जण फोल्ड्स यांच्याकडे बोट दाखवतात. कॉफमन विभागप्रमुख झाले १९३७ साली आणि धून त्याच्या आधीची, हाही एक मुद्दा मांडता येतो.

कॉफमन यांच्या बाजूनं बोलायचं तर १९३६ साली ते मुंबईत होते आणि मेहली मेहता यांच्यासोबत दर आठवड्याला वाजवत होते. रागाचे स्वर घेऊन ते व्हायोलिनच्या तोंडी घालायचे आणि खाली तानपुरा ठेवायचा, ही कल्पना त्यांच्या त्या काळातल्या कामाशी जुळते.

एक गोष्ट मात्र कोणीच नाकारत नाही. या धूनमध्ये दोन संगीतं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तानपुरा आपल्या जागी आहे, व्हायोलिन आपल्या जागी. फ्यूजन हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

इकडे मैफली, तिकडे घर संपत होतं

कॉफमन यांच्या पहिल्या पत्नी गर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची. काफ्का १९२४ सालीच क्षयानं गेले होते. गर्टी यांच्या आई एली ही काफ्कांची बहीण. १९४१ साली एली यांना नाझींनी पोलंडमधल्या लॉड्झच्या घेट्टोत पाठवलं. त्या परत आल्या नाहीत. काफ्कांच्या बाकीच्या दोन बहिणीही अशाच मारल्या गेल्या.

म्हणजे मुंबईत दर गुरुवारी मोझार्ट आणि बीथोव्हेन वाजवणारा हा माणूस ज्या जगातून आला होता, ते जगच मागे पुसलं जात होतं. परत जायचं म्हटलं असतं तरी जायला घर उरलं नव्हतं.

मुंबईत असे ते एकटे नव्हते. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला संचालक झाले. जर्मनीहून आलेले रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षा लिहायचे. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचे. रझा, आरा, हुसेन या तेव्हाच्या अनोळखी पोरांच्या पाठीशी उभे राहिलेले हे तिघे. प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा इतिहास या तिघांना वगळून सांगता येत नाही. चित्रकलेतली ही नावं तरी आपण ऐकलेली असतात. संगीतातलं नाव मात्र मागे राहिलं.

मुंबई सुटली, राग सुटले नाहीत

१९४६ साली कॉफमन मुंबईहून इंग्लंडला गेले. तिथून कॅनडा. हॅलिफॅक्सला वर्षभर शिकवून १९४८ मध्ये ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक झाले आणि पुढची अनेक वर्षं तो वाद्यवृंद त्यांनी उभा केला. ‘मद्रास एक्सप्रेस’ नावाची त्यांची एक वाद्यवृंदाची रचना १९४८ साली अमेरिकेत बोस्टन पॉप्सनं वाजवली. गाडी सुटून दोन वर्षं झाली होती, डोक्यातली चाकं फिरतच होती.

१९५७ मध्ये ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्यानं तत्त्वासाठी डॉक्टरेट सोडली, तो आता दुसऱ्यांना डॉक्टरेटसाठी मार्गदर्शन करू लागला.

आणि तिथे बसून त्यांनी मुंबईत जमवलेली शिदोरी उघडली. १९६८ साली त्यांचा उत्तर भारतीय रागांवरचा जाडजूड ग्रंथ आला. १९७६ साली दक्षिण भारतीय रागांवरचा. याच सुमारास पूर्वेकडच्या देशांतल्या स्वरलेखन पद्धती आणि तिबेटी बौद्ध पठण यांवरही त्यांनी पुस्तकं लिहिली.

उत्तर भारतीय रागांच्या ग्रंथातली मांडणी मराठी माणसानं मुद्दाम बघावी अशी आहे. तिथे राग लावलेत ते दहा थाटांप्रमाणे. हे दहा थाट कोणाचे? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. मुंबईतल्या या वकिलानं देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. भातखंडे १९३६ साली मुंबईतच वारले. त्यांनी घालून दिलेल्या वाटेनं बोहेमियातून आलेला एक माणूस गेला आणि ते ज्ञान त्यानं इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे ठेवलं.

ग्रंथात तो नुसते आरोह-अवरोह देऊन थांबत नाही. वादी-संवादी कोणते, कोणत्या स्वरसंगतीवरून राग ओळखायचा, शेजारच्या रागापासून तो कसा वेगळा ठेवायचा, हेही येतं. म्हणजे भूप आणि देशकार कागदावर सारखे दिसतात, ही जी अडचण, तिचंच उत्तर.

नाव परत आलं, उशिरा

कॉफमन ९ सप्टेंबर १९८४ रोजी इंडियानातल्या ब्लूमिंग्टनमध्ये वारले. त्यांच्या रचनांचे कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिले. युरोप त्यांना विसरला होता कारण ते तरुणपणीच निघून गेले होते. भारत विसरला होता कारण इथे धून सगळ्यांना माहिती होती, पण तिच्या आधी किंवा नंतर कोणाचं नाव कधी घेतलंच जात नव्हतं.

मुंबईतले चित्रपट अभ्यासक अमृत गंगर यांनी कॉफमन यांच्या भारतातल्या वर्षांवर पुस्तक लिहिलं. २०२० साली टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलनं त्यांच्या मुंबईच्या काळातल्या काही रचना रेकॉर्ड केल्या. त्या आज ऑनलाइन कोणालाही ऐकता येतात. एकदा ऐकून बघा. व्हायोलिन, चेलो, पियानो सगळं पाश्चात्त्य, आणि मध्येच एखादी ओळ अशी येते की आपण नकळत मान डोलावतो.

ज्यांना आपलं गाणं पहिल्यांदा कळलं नाही असे अनेक परदेशी लोक इथे येऊन गेले. त्यातल्या एकानं दोष स्वतःच्या कानाला दिला आणि पुढची चाळीस वर्षं तो कान तयार करण्यात घालवली. उद्या पहाटे जाग आलीच तर मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप लावा, सभा सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी. धून ऐका. आणि यावेळी घरात कोणी विचारलं की ही कोणाची रे, तर सांगायला तुमच्याकडे एक नाव आहे.